नांदेड-लातूरची सडक आणि मालमोटारी

नांदेड आणि लातूर हीं मराठवाड्यांतील दोन मोठीं व्यापारी शहरें एकमेकांपासून सुमारें १४० किलोमीटर अंतरावर आहेत. परंतु आगगाडीनें जावयाचें म्हटलें तर नांदेडच्या माणसास प्रथम पूर्णा-परभणीकडे, तेथून परळीस आणि मग लातूर रोड स्थानकावरून लातुरास असा मोठा वळसा घ्यावा लागतो. वास्तविक दोन्ही शहरांना आगगाडी लवकर मिळाली. मनमाडपासून सिकंदराबादेस जाणारा हैदराबाद-गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग १९०० सालाच्या सुमारास नांदेडवरून गेला, आणि बार्शी लाइट रेल्वेची अडीच फूट रुंदीची चिमुकली गाडी १९११ सालीं लातुरास पोंचली. पण एक मार्ग उत्तरेकडून गेला, दुसरा पश्चिमेकडून आला, आणि मधल्या लोहा, माळेगांव, अहमदपूर या पट्ट्याच्या वांट्यास सडकच राहिली. पुढें या सडकेवर जें जें घडलें त्याचें मूळ बरेंचसें येथें आहे.

मोटार येण्यापूर्वीं या मुलुखांत मालाची ने-आण दोन प्रकारें होत असे. एक लमाणांचे तांडे. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य व मीठ दूरदूरच्या बाजारांत, आणि प्रसंगीं फौजांच्या छावण्यांतहि, हे लोक पोंचवीत. नांदेड व लातूर जिल्ह्यांत आज जे तांडे स्थायिक झालेले दिसतात, त्यांच्या पूर्वजांचा हाच व्यवसाय. आगगाडीनें तो हिरावून घेतल्यावर ते शेतीकडे आणि मजुरीकडे वळले. दुसरी बंडी. सुगीनंतर मोंढ्यास माल नेणाऱ्या बंड्या बहुधा रात्रीं निघत. एकीमागें एक अशी रांग लागे, आंसाखालीं कंदील टांगलेला असे, आणि मागच्या बंड्यांवरचे गाडीवान पोत्यांवर अंग टाकून खुशाल झोंपी जात. त्यांत कोणास वावगें वाटत नसे, कारण गाडीवान झोंपला तरी बैल झोंपत नसत. वाटेंत मूल आलें, ओढा आला, समोरून दुसरी बंडी आली, तर जनावर आपल्या बुद्धीनें थांबे किंवा बाजूस होई. हांकणारा चुकला तरी वाहनांत स्वतःचें थोडेंसें शहाणपण होतें. मालमोटारींत तें नाहीं. तिच्यांत जें काय शहाणपण असावयाचें तें सगळें चाकापाशीं बसलेल्या एका माणसाच्या उघड्या डोळ्यांत असतें.

बेफाम हांकण्याविषयींचा कायदा मोटारीहून जुना आहे, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. सार्वजनिक रस्त्यावर मनुष्याच्या जिवास धोका होईल अशा अविचारानें किंवा निष्काळजीपणानें वाहन हांकणारास, अथवा घोड्यावर बसून जाणारास, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा, असें १८६० सालच्या हिंदी दंडसंहितेच्या २७९ व्या कलमांत लिहिलें होतें. तें लिहिणारांच्या डोळ्यांपुढें टांगा, बग्गी आणि उधळलेला घोडा होता. त्या काळीं हजार रुपये ही संसार मोडणारी रक्कम होती. १८७० सालीं त्यांत ३०४-अ या कलमाची भर पडली, आणि अविचारानें किंवा निष्काळजीपणानें कोणाचा मृत्यु घडवून आणणारास दोन वर्षांपर्यंत कैद सांगण्यांत आली. पुढें बग्गीच्या जागीं मोटार आली, एका घोड्याच्या जागीं शंभर-दोनशें घोड्यांचें बळ आलें. पण हीं कलमें त्याच शिक्षेसह २०२४ च्या जूनअखेर चालत राहिलीं. नव्या न्यायसंहितेंत मृत्यु घडविण्याची शिक्षा वाढली. बेफाम हांकण्याचा दंड मात्र अजूनहि हजार रुपयेच आहे. आज त्या हजार रुपयांत मालमोटारीचें एक चाकहि येणार नाहीं.

विलायतेंत प्रारंभ याच्या अगदीं उलट झाला. १८६५ च्या कायद्यानें वाफेच्या गाडीपुढें साठ यार्डांवर एका माणसानें तांबडें निशाण घेऊन चालावें, आणि गाडीनें गांवांत ताशीं दोन व गांवाबाहेर चार मैलांहून अधिक वेग घेऊं नये, असें ठरविलें होतें. पुढील पिढीनें या कायद्याची यथेच्छ थट्टा केली. १८९६ सालीं तो रद्द होण्याचें ठरलें. त्याच वर्षीं जर्मनींत डाइमलर यानें पहिली मालमोटार बांधून विकली, आणि त्याच वर्षीं १७ ऑगस्ट रोजीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारांत ब्रिजेट ड्रिस्कोल नांवाची एक स्त्री मोटारीखालीं सांपडून मरण पावली. ती मोटार माणसाच्या भरभर चालण्याहून फारशी वेगानें जात नव्हती. असा प्रकार पुन्हां कधीं घडूं नये, अशी इच्छा चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानें प्रकट केली, असें सांगतात. तांबड्या निशाणाला हंसणारांनीं ही हकीकतहि लक्षांत ठेवावयास हरकत नव्हती.

ब्रिटिश हिंदुस्थानांत मोटारींचा पहिला देशव्यापी कायदा १९१४ सालीं झाला. नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यांत असल्यामुळें तो तेथें लागू नव्हता. पण तेथें दुसरी एक गोष्ट घडली. संस्थानच्या रेल्वेखात्यानें १९३२ च्या जून महिन्यांत सरकारी मोटारसेवा काढली. प्रारंभीं सत्तावीस गाड्या आणि एकशें सहासष्ट नोकर होते. आगगाडी व मोटार एकाच खात्याच्या हातीं असल्यामुळें त्यांच्यांत चढाओढ नव्हती, आणि चालक पगारी नोकर होता. गाडी अर्धा तास उशिरां पोंचली म्हणून त्याच्या घरची चूल विझत नसे. निजामी राजवटीचे दोष दाखविणारास सामग्री मुबलक आहे, परंतु एवढें श्रेय तिला देणें न्याय्य होईल. मालाच्या वाहतुकीला मात्र ही शिस्त लागली नाहीं.

१३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय फौजा सोलापुराकडून नळदुर्गच्या वाटेनें संस्थानांत शिरल्या. बंडीच्या वाटांवर लष्करी लॉऱ्यांच्या रांगा धांवतांना अनेक खेड्यांनीं त्या वेळीं प्रथमच पाहिल्या. १७ सप्टेंबरला संस्थान शरण आलें. १९५१ सालीं दंडसंहिता आणि १९३९ चा मोटार कायदा, हे दोन्ही या भागास लागू झाले. एव्हांना महायुद्धांतून उरलेल्या लॉऱ्या लिलांवांत घेऊन देशभर लहान लहान मालवाहू मालक उभे राहिले होते. १९५४ पासून जमशेदपुरास टाटा-मर्सिडीझ मालमोटारी तयार होऊं लागल्या, मद्रासकडे लेलँडच्या निघूं लागल्या, आणि जेथें आगगाडी जात नाहीं तेथें त्या जाऊं लागल्या.

त्या १९३९ च्या कायद्यांत एक कलम होतें, ६५ वें, ज्याचा उल्लेख आज क्वचित् होतो. मालमोटारीच्या मालकानें आपल्या चालकास सतत पांच तासांहून अधिक काम देऊं नये, मध्यें निदान अर्ध्या तासाची विश्रांति द्यावी. दिवसांत नऊ तासांहून आणि आठवड्यांत चौपन्न तासांहून अधिक त्याला राबवूं नये, असा त्याचा आशय होता. २७९ वें कलम हांकणाराच्या हाताकडे पाहतें. ६५ वें कलम त्याच्या पापण्यांकडे पाहत होतें, आणि त्या कोणी जड केल्या हेंहि विचारीत होतें. बंडीवरच्या झोंपेची किंमत आणि मोटारीवरच्या झोंपेची किंमत यांतला फरक कायदा करणारांस उमगला होता, यांत शंका नाहीं. १९६१ सालीं मोटार वाहतूक कामगारांचा स्वतंत्र कायदा झाला. त्यानें दिवसाला आठ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली. पण तो पांच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांसाठींच होता, आणि या देशांत मालमोटारींचे मालक बहुसंख्येनें एक-दोन गाड्यांचे धनी. १९८८ च्या मोटार कायद्यानें ९१ व्या कलमांत तीच मर्यादा सर्व मालवाहू चालकांस लावली. १९६१ चा कायदाहि आतां नव्या श्रमसंहितेंत सामावला गेला आहे. कागदावर म्हणून कांहीं उणें राहिलें असें म्हणतां येत नाहीं. पण एस्. टी.च्या चालकाच्या तासांची नोंद आगारांत होते. मालमोटारीच्या चालकाच्या तासांची नोंद बहुधा त्याच्या बायकोच्या मनांत तेवढी असते.

याचें कारण धंद्याच्या रचनेंत आहे. चालकास मिळकत पुष्कळदां खेपेवर मिळते. मालकाच्या डोक्यावर सावकाराचा किंवा बँकेचा हप्ता असतो. लातूरच्या बाजारांतून निघालेली डाळ किंवा सोयाबीन ठरल्या दिवशीं पोंचली नाहीं तर भाडें कापलें जातें. म्हणून रात्र कामास लावली जाते, सोबतीस शिकाऊ पोऱ्या घेतला जातो, आणि उस्ताद पेंगूं लागला कीं चाक त्या पोऱ्याच्या हातीं जातें. पूर्वीं व्यवसायिक चालकास आठवी इयत्तेची अट होती, ती २०१९ सालीं काढून टाकण्यांत आली. गरिबाला काम मिळावें हा त्यांतील हेतु चांगला असेल; परंतु रस्त्यावरच्या पाट्या वाचणें ही चैनीची गोष्ट आहे असें जणूं ठरल्यासारखें झालें. मे महिन्यांत नांदेडचें ऊन चाळिसाच्या वर जातें, आणि यंत्राच्या उष्णतेनें तापलेल्या डब्यांत हा माणूस बसलेला असतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालमोटारींच्या डब्यांत वातानुकूलन असलेंच पाहिजे असा नियम झाला आहे. पहिल्या मालमोटारीपासून हें सुचण्यास एकशें एकोणतीस वर्षें लागलीं.

मालमोटारीचे उपकार नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला, सुमारें दहा हजार माणसें दगड-मातीच्या घरांखालीं गेलीं. त्या वेळीं धान्य, कपडे, पत्रे, औषधें घेऊन रात्रंदिवस ज्या आल्या त्या मालमोटारीच. लातूरच्या गोलाईस, जेथें सोळा रस्ते येऊन मिळतात तेथें, जो माल उतरतो तो याच आणतात. ऊस कारखान्यास, कापूस गिरणीस, तूर डाळीच्या गिरणीस याच पोंचवितात. यांच्यावांचून या भागाचा एक दिवसहि सरणार नाहीं. म्हणूनच यांच्या वेगाचा हिशेब अधिक काटेकोर हवा.

हा हिशेब शाळेंतल्या मुलासहि करतां येण्याजोगा आहे. ताशीं साठ किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें सतरा मीटर पुढें जाते. समोर कांहीं दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध माणसासहि सेकंदभर लागतोच. म्हणजे सतरा मीटर तर नुसत्या विचारांत गेले. पेंगणाऱ्या माणसाचे डोळे तीन सेकंद मिटले तर पन्नास मीटर रस्ता कोणीहि न पाहतां सरला. वेग दुप्पट झाला म्हणजे आघात दुप्पट होत नाहीं, चौपट होतो. त्यांत वजनाची भर. २०१८ सालीं सरकारनें मालमोटारींची वजनमर्यादा वाढविली. तीन आंसांच्या गाडीचें भारासह वजन पंचवीस टनांवरून साडेअठ्ठावीस टनांवर गेलें. त्याच वर्षीं चौपदरी रस्त्यांवर मालमोटारींना ताशीं ऐंशी किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा मिळाली. मर्यादेबाहेर लादल्यास वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनास दोन हजार, असा दंड २०१९ पासून आहे; तथापि रेतीच्या आणि खडीच्या गाड्या कोणत्या वेळीं निघतात हें गोदाकांठच्या गांवांस ठाऊक आहे.

नांदेड-लातूर रस्ता आतां राष्ट्रीय महामार्ग झाला असून त्याचा बहुतेक भाग चौपदरी आहे. रस्ता रुंद झाला. त्याच्या कडेचीं गांवें मात्र होतीं तेथेंच राहिलीं. शाळा एका बाजूस, वस्ती दुसऱ्या बाजूस. शेत इकडे, विहीर तिकडे. माळेगांवच्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्षाच्या अखेरीस भरते. घोडे, बैल, गाढवें, उंट यांचा तो नांवाजलेला बाजार, आणि तो भरतो याच महामार्गावर. हंगामांत उसाच्या जोडट्रॉल्या रात्रीं त्याच रस्त्यानें चाललेल्या असतात. पुष्कळ ट्रॉल्यांना मागें दिवा तर नसतोच, चकाकणारी पट्टीहि नसते. पणजोबांच्या बंडीखालीं कंदील होता. पणतवाच्या ट्रॉलीखालीं तो नाहीं, ही प्रगति चमत्कारिक म्हणावी लागेल. मागून येणाऱ्या मालमोटारीच्या चालकाला अंधारांत उसाची भिंत एकदम समोर उभी राहिलेली दिसते, आणि तेव्हां त्याच्यापाशीं ते सतरा मीटरहि उरलेले नसतात.

माल वाहण्याच्या वाहनांतून माणसें नेण्याची संवय हा याच दुखण्याचा दुसरा भाग. ४ एप्रिल २०२५ रोजीं नांदेड तालुक्यांतील आलेगांवच्या शिवारांत शेतमजूर बायकांस नेणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरींत पडला. वसमत तालुक्यांतील गुंज या गांवच्या सात बायका बुडून मेल्या. हळदीच्या कामाला जावयास दुसरें वाहन त्यांच्यासाठीं नव्हतें.

देशाचे आंकडे पाहिले तर २०२२ सालीं रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसें दगावलीं. त्यांत दुचाकीवरचे चव्वेचाळीस टक्क्यांहून अधिक, आणि पायीं चालणारे जवळजवळ वीस टक्के. अतिवेग हें कारण एकूण मृत्यूंपैकीं शेंकडा एकाहत्तरांच्या बाबतींत नोंदलें गेलें. या आंकड्यांवरून सर्व दोष मालमोटारींच्या माथीं मारणें बरोबर होणार नाहीं. अविचारानें धांवणाऱ्या मोटारसायकलीहि त्यांत आहेत. पण मालमोटारीची आणि पादचाऱ्याची गांठ पडली म्हणजे कोण वांचतो याविषयीं कधीं वाद होत नाहीं.

अपघातानंतर काय होतें हा प्रश्न निराळा आहे, आणि कदाचित् अधिक गंभीर आहे. १९८८ च्या कायद्याचें १३४ वें कलम सांगतें कीं, चालकानें जखमी माणसास जवळच्या डॉक्टराकडे किंवा दवाखान्यांत न्यावें. मात्र जमावाच्या क्षोभामुळें किंवा अशाच एखाद्या कारणानें तें अशक्य असेल तर गोष्ट वेगळी. जमावाच्या क्षोभाचा असा स्पष्ट उल्लेख कायद्यांत करावा लागला, यावरून आपल्या समाजाची परीक्षा होते. चालक पळतो, कारण थांबला तर लोक त्याला मारतील अशी त्याला धास्ती असते. लोक मारतात, कारण चालक पळणार हें त्यांना ठाऊक असतें. या दोघांच्या भांडणांत डांबरावर पडलेल्या माणसाचीं मोलाचीं मिनिटें जातात.

नव्या न्यायसंहितेंत ही गांठ शिक्षेनें सोडविण्याचा प्रयत्न झाला. १०६ व्या कलमाच्या पहिल्या पोटकलमानें निष्काळजीपणाच्या मृत्यूची शिक्षा पांच वर्षांपर्यंत वाढविली. दुसऱ्या पोटकलमानें, बेफाम हांकून मृत्यु घडविल्यावर पोलिसांस अथवा दंडाधिकाऱ्यास लगेच न कळवितां जो पळून जाईल त्यास दहा वर्षांपर्यंत कैद सांगितली. १ जानेवारी २०२४ रोजीं देशभर मालमोटारींच्या चालकांनीं काम बंद केलें. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या आगारांतून तेलाचे टँकर निघेनात, आणि महाराष्ट्रांतील पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. दुसऱ्याच दिवशीं केंद्र सरकारच्या गृहसचिवांनीं चर्चेवांचून हें कलम अंमलांत आणणार नाहीं असें आश्वासन दिलें. १ जुलै २०२४ रोजीं न्यायसंहिता लागू झाली तेव्हां तें पोटकलम वगळण्यांत आलें. महिना दहा-पंधरा हजार मिळविणारा माणूस दहा वर्षांच्या कैदेस भ्यावा हें समजण्यासारखें आहे. परंतु त्या दोन दिवसांत कामाच्या तासांची, त्या जुन्या ६५ व्या कलमाची, मागणी कोणाच्या तोंडून ठळकपणें ऐकूं आली नाहीं, याचा विषाद वाटतो.

२०२२ सालीं धडक देऊन पळालेल्या वाहनांनीं देशांत ३०,४८६ माणसें मारलीं. अशा मृताच्या वारसांस सरकारांतून मिळणारी रक्कम १९८८ सालीं साडेआठ हजार रुपये होती. १९९४ पासून ती पंचवीस हजार झाली, आणि १ एप्रिल २०२२ पासून दोन लाख आहे. गंभीर जखमीस पन्नास हजार मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसीलदार यांच्याकडे करावयाचा असतो आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात. मृताच्या घरचें कोणीतरी, बहुधा विधवा किंवा म्हातारा बाप, पोलीस ठाण्यांतील फिर्यादीची नक्कल, शवतपासणीचा कागद आणि बँकेचें पुस्तक घेऊन तालुक्याच्या गांवीं जातें. फिर्यादींत गाडीच्या क्रमांकाची जागा असते. तेथें हवालदाराच्या अक्षरांत दोनच शब्द लिहिलेले असतात: अज्ञात वाहन.